हात चुकतो की क्रीम? पायपिंगचा घरचा सराव, जून ते नाताळ

पायपिंग, म्हणजे पिशवीतून क्रीम दाबून केकवर फुले आणि नक्षी काढणे, शिकायचे ठरवले की बहुतेक जण आधी केक भाजायला घेतात. खर्च वाढतो तो तिथेच. अंडी, लोणी, मैदा, गॅस आणि वर व्हिप क्रीम, एवढे सगळे मांडून हाताला सराव मिळतो जेमतेम वीस मिनिटे, कारण केकवर गेलेले क्रीम पुन्हा पिशवीत भरता येत नाही. ताटावर काढलेले येते. सगळा स्वस्त सराव एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. मी २०२४ च्या जूनमध्ये गोव्यात फोंड्याला घरी सुरुवात केली आणि नोव्हेंबरपर्यंत खऱ्या केकला हात लावला नाही. मधल्या महिन्यांत काय केले, किती पैसे लागले आणि काय कशामुळे बिघडते, ते त्याच क्रमाने सांगते.

जूनची खरेदी सातशे रुपयांच्या आत बसली. अर्धा किलो वनस्पती तूप ७० रुपये, अर्धा किलो आयसिंग शुगर ५५, शंभर ग्रॅम कॉर्नफ्लॉर ३०, बटर पेपरचा छोटा रोल ९०, प्लास्टिकचे टर्नटेबल (केक ठेवायची फिरती तबकडी) २५० आणि सहा सुटे नोझल (पिशवीच्या टोकाला बसवायची पत्र्याची तोंडे) मिळून १८०. टर्नटेबल खरे तर ऑक्टोबरपर्यंत लागत नाही. पैसे जपायचे असतील तर तेवढे पुढे ढकला. केकचे सामान पणजी, मडगाव, म्हापसा इथे मिळते. म्हापशाला शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी जाऊ नका. नोझल एकेक करून निरखायचे असतात आणि त्या गर्दीत कुणालाच तेवढी सवड नसते.

चोवीस नोझलचा डबा स्वस्त दिसतो, पण त्यातले निम्मे पडून राहतात. सुरुवातीला सहा पुरे: गोल तोंडाचे २ आणि १२ नंबर, ताऱ्याचा २१, मोठा उघडा तारा १एम, पाकळीचा १०४ आणि पानाचा ३५२. स्वस्त नोझल पत्रा वळवून केलेले असतात, त्यांना उभा जोड असतो. तो जोड अगदी टोकापर्यंत येऊन तिथे फट किंवा धार राहिली असेल तर गोल नोझलमधून येणारी रेघ एका बाजूला वळत जाते आणि आपण मात्र हाताला दोष देत बसतो. दुकानातच उजेडाकडे धरून आरपार पाहा. १०४ चे तोंड एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असते. स्वस्त मालात ते निमुळते टोक नको तेवढे उघडे राहते आणि पाकळीची कड जाडजूड येते. बारीक पक्कडीने हलके दाबले की काम होते. जोरात दाबले तर तोंड बंद होते, तेव्हा बेताने.

पिशवीवर पैसे घालवू नका. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी जाड असते आणि तिचे जोड पक्के असतात. गरम पाणी आणि साबणाने धुऊन उलटी वाळवायची, खालचा एक कोपरा कापायचा आणि आतून नोझल सरकवायचा. नोझलचा साधारण एक तृतीयांश भाग बाहेर येईल एवढाच कोपरा कापा. जास्त कापला तर दाब दिल्यावर नोझल सुटून ताटात पडतो. २ नंबरच्या बारीक कामाला बटर पेपरचा कोन उत्तम. पंचवीस सेंटिमीटरचा चौकोन तिरका कापला की दोन कोन होतात. १एम मोठा असतो, त्याला दुधाची पिशवी पुरत नाही. त्यासाठी एक जाड पिशवी विकत घेऊन धूत राहावे.

आता सरावाचे क्रीम. २०० ग्रॅम वनस्पती, २०० ग्रॅम आयसिंग शुगर, १०० ग्रॅम कॉर्नफ्लॉर आणि दोन लहान चमचे पाणी. वनस्पती रवाळ असते, म्हणून साखर घालण्याआधी ती एकटीच पाच मिनिटे फेटायची. हा टप्पा गाळला तर तिचे कण २ नंबरच्या तोंडाशी अडकतात. साखर आणि कॉर्नफ्लॉर एकत्र करून मलमलच्या फडक्यातून चाळून घ्या. घरच्या मिक्सरवर दळलेली साखर चालते, पण तिला दोनदा चाळावे लागते, कारण तिचा कण मोठा राहतो. कॉर्नफ्लॉरमुळे साखर कमी लागते आणि आपल्या दमट हवेत क्रीम थोडे आवरून राहते. हे मिश्रण खाण्यासाठी नाही. डब्यावर तसे ठळक लिहून ठेवा, घरात मुले असतील तर नक्कीच. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ते काही महिने टिकते. खवट वास आला की टाकून द्यायचे आणि नवे करायचे.

क्रीमचा घट्टपणा तीन प्रकारचा असतो आणि तो नीट कळला की निम्मे काम झाले. फुलांसाठी घट्ट: भांड्यात उभा खोचलेला चमचा हलत नाही. काठाच्या नक्षीसाठी मध्यम: वाटीभर घट्ट क्रीमला एक लहान चमचा पाणी. अक्षरांसाठी सैल: वाटीला दोन चमचे. पाणी थेंबाथेंबाने घाला. जास्त झाले तर पुन्हा साखर घालावी लागते आणि प्रमाण वाढत जाते.

जूनभर फक्त रेघा आणि ठिपके. कागदावर पट्टीने रेघा, लाटा, गोल काढा, तो पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवा आणि वरून क्रीमने गिरवा. फोल्डर भरला की जुन्या एटीएम कार्डाने सगळे खरवडून पुन्हा पिशवीत. पिशवी अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही. वरचे तोंड पिळून ती पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायची, दाब तळहाताने वरून द्यायचा. दुसऱ्या हाताचे एक बोट नोझलला फक्त दिशा दाखवते. आधी थोडे क्रीम बाहेर काढून हवा घालवा, नाहीतर ऐन रेघेच्या मध्यात फट् आवाज होऊन ती तुटते.

मेंदी काढणाऱ्यांना कोन धरणे उपजत येते, पण मेंदीचा कोन त्वचेला जवळजवळ टेकलेला असतो. आयसिंगची रेघ टेकवून ओढली की चपटी आणि खरबरीत होते. टोक टेकवा, दाब सुरू करा आणि लगेच एक-दोन सेंटिमीटर वर उचला. क्रीमचा धागा हवेत लोंबला पाहिजे, तो आपण हव्या त्या जागी खाली ठेवत जायचा. शेवटाला आधी दाब थांबवा, मग टोक टेकवून सुटे करा. रेघ तुटते तेव्हा हात दाबापेक्षा पुढे पळतो आहे. ती नागमोडी पडते तेव्हा दाब हातापेक्षा जास्त आहे. ठिपक्याला शेंडी येते ती दाब चालू असताना पिशवी उचलल्यामुळे. दाब थांबवून टोक किंचित गोल फिरवले की शेंडी मोडते. उरलीच तर ओल्या बोटाने चेपा.

आता मुख्य मुद्दा. चूक दिसली की ती हाताची, क्रीमची की नोझलची, हे आधी ठरवायला हवे, नाहीतर चुकीच्या गोष्टीचा सराव होतो. त्याची सोपी परीक्षा आहे. एकाच पिशवीतून एकच आकार ओळीने काढत जायचा. दोष दर वेळी एकाच बाजूला येत असेल तर नोझल दोषी. तो पिशवीत पाव फेरी फिरवून पाहा, दोषही फिरतो. सुरुवातीचे आकार चांगले आणि पुढचे ढिले होत गेले तर क्रीम दोषी, ते हाताच्या उबेने पातळ होते आहे. आणि दोष कधी इथे कधी तिथे, कसलाच नियम नाही, तर हात दोषी, सराव त्याचाच करायचा. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी पहिल्या दोन प्रकारांत निघतात असे माझे मत झाले आहे.

जुलैत तारे, शंख आणि काठाच्या नक्ष्या. इथे कंटाळा येतो, तोच आकार, तीच ओळ. तारा काढताना पिशवी उभी, नव्वद अंशात. शंखासाठी पंचेचाळीस अंशात तिरकी. शंखाला पहिल्यांदा जोर देऊन क्रीम फुगू द्यायचे, मग दाब कमी करत आपल्याकडे ओढायचे आणि थांबायचे. पुढच्या शंखाचे फुगीर डोके मागच्याच्या शेपटीवर यायला हवे. शंख लहानमोठे होत असतील तर तोंडाने आकडे मोजा: एक-दोन दाब, तीन ओढ. हसू येते, पण हाताला लय मिळते. १एम ने गुलाबाचा गोल वेढा काढताना मध्यापासून सुरू करून बाहेर यावे आणि शेवट मागच्या वेढ्यात मुरवावा.

जुलैतल्या गोव्याच्या हवेत साखरेचे काहीही वाळत नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे रॉयल आयसिंग करून फुले वाळवायचा बेत असेल तर पावसाळ्यात तो सोडून द्या; साखर हवेतले पाणी ओढते, फुले वरून वाळल्यासारखी वाटतात आणि डब्यात ठेवली की चिकट होतात. सरावाच्या क्रीमला हा त्रास कमी, पण मुंग्यांचा आहेच. ताट परातीत पाणी घालून त्यात वाटीवर ठेवावे. भांडी घासण्याबद्दलही एक इशारा: नोझल आणि ताट आधी वर्तमानपत्राने कोरडे पुसा, मगच गरम पाणी आणि साबण. वनस्पती थेट गरम पाण्याने सिंकमध्ये सोडली तर पुढे नळीत जाऊन थिजते आणि ऐन पावसात प्लंबर शोधावा लागतो.

ऑगस्टमध्ये पाकळ्या आणि गुलाब. गुलाबाचा खिळा दुकानात मिळतो, पण थंड पेयाच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण आणि तीन इंची खिळा एम-सीलने चिकटवला की तेच होते. झाकणाची सपाट बाजू वर ठेवा. त्यावर क्रीमचा ठिपका देऊन पाच सेंटिमीटरचा बटर पेपरचा चौकोन चिकटवा. १२ नंबरने मध्यभागी बोटाच्या पेराएवढा सुळका काढायचा, तळाशी रुंद. मग १०४: रुंद टोक खाली, निमुळते वर. पहिली पट्टी सुळक्याच्या शेंड्याभोवती पूर्ण गुंडाळायची, ती कळी. पुढे तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. प्रत्येक फेरीत नोझल थोडा अधिक बाहेर कलता आणि पाकळी आधीच्या पाकळीच्या मध्यापासून सुरू होणारी. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी खिळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, डावखुऱ्यांनी सुलट.

गुलाब खाली बसतो तो सुळका मऊ असल्यामुळे. ते क्रीमचे काम, हाताचे नाही. सुळके काढून चौकोनासकट दहा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग पाकळ्या चढवा. पाकळीची कड करवतीसारखी फाटत असेल तर क्रीम कोरडे आहे, अर्धा लहान चमचा पाणी घाला. पाणी घालूनही फाटली तर दाब कमी पडतो आहे. सगळ्या पाकळ्या मिटलेल्याच दिसत असतील तर नोझलचे वरचे टोक आत झुकते आहे, प्रत्येक फेरीला ते बाहेर न्या. हाताची ऊब ही इथली मोठी अडचण. दोन लहान पिशव्या भरून एक फ्रिजमध्ये, एक हातात, अशी अदलाबदल करावी. मोठी पिशवी भरून तासभर बसणे इथल्या हवेत जमणारे नाही.

२०२४ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. चवथीच्या आधी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, धबडग्यात ओट्यावर सरावाच्या वनस्पतीचा डबा ठेवायला जागा नसते आणि ठेवूही नये, खाण्याच्या तुपात मिसळायची भीती असते. सण उरकल्यावर अक्षरे घेतली. सरावाच्या खोट्या केकसाठी थर्मोकोल शोधत असाल तर सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातले वेष्टनाचे थर्मोकोल कापून वापरा, किंवा सरळ स्टीलचा डबा पालथा घाला. स्टीलवर क्रीम घसरते, म्हणून डब्याला बाहेरून बटर पेपर गुंडाळावा.

अक्षरांच्या तक्त्या मिळतात त्या बहुतेक रोमन लिपीच्या आणि देवनागरीला त्यांचा फारसा उपयोग नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवे. सात इंची केकवर काठाची नक्षी सोडून तेरा-चौदा सेंटिमीटर रुंदी उरते. अक्षर दीड सेंटिमीटर उंच धरले तर ‘वाढदिवसाच्या’ कसेबसे एका ओळीत बसते. ‘हार्दिक’ दुसऱ्या ओळीत, ‘शुभेच्छा’ तिसऱ्या. त्याखाली नाव घालायचे असेल तर ‘शु’चा उकार नावातल्या वेलांटीवर आदळतो, तेव्हा नाव सर्वांत वर घ्या. आधी टाचणीने किंवा टूथपिकने अक्षरांच्या पायाची रेघ हलकी आखा. अक्षरे सुटी सुटी काढा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात ओढा. तिच्याखाली अक्षरांची वरची वेडीवाकडी टोके झाकली जातात. शिरोरेषा आधी काढली तर प्रत्येक अक्षर जोडताना तिथे क्रीमचा गोळा साठतो. जोडाक्षरे सर्वांत अवघड. ‘च्छ’ आणि ‘च्या’ लिहिताना अर्ध्या अक्षराला कमी दाब द्या, म्हणजे ते बारीक होते आणि पुढच्यात मिसळत नाही. ‘श’ची गाठ भरून जात असेल तर क्रीम सैल आहे.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरून उकाडा सुरू झाल्यावर खरे व्हिप क्रीम आणले. बिगर दुधाच्या गोठवलेल्या क्रीमचा किलोचा खोका साधारण २३० रुपयांना पडला. तो सगळा एकदम वितळवू नका. खोका फाडून गोठलेला ठोकळा सुरीने कापा, शंभर-दीडशे ग्रॅमचा तुकडा फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा आणि बाकीचा लगेच फ्रीजरमध्ये परत टाका. बाहेर ओट्यावर वितळवलेले क्रीम नीट फुगत नाही. फेटताना ते सात ते दहा अंश सेल्सिअसला असावे. भांडे आणि बीटरचे पाते वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, खाली बर्फाचे पाणी घ्या. आकारमान तिप्पट-चौपट होते, म्हणून शंभर ग्रॅम एका बैठकीला भरपूर. बीटरच्या चाकोऱ्या पुसल्या न जाता राहू लागल्या की थांबा. त्यापुढे गेलात तर ते जाळीदार होते आणि ताऱ्याच्या कडा फाटतात. अशा वेळी न फेटलेले एक-दोन चमचे क्रीम घालून हाताने हलके मिसळा. कमी फेटलेल्याच्या रेषा मिनिटभरात बसतात. वनस्पतीत दाब देण्याची सवय लागलेल्या हाताला व्हिप क्रीम फारच मऊ वाटते, पहिल्या पिशवीला सगळे आकार मोठे येतात. दाब निम्म्यावर आणा.

टर्नटेबल इथे लागले, पालथ्या डब्याच्या कडा सपाट करायला. स्क्रॅपर (क्रीम सपाट करायची पट्टी) जागेवर स्थिर धरायचा आणि टेबल फिरवायचे. स्क्रॅपर फिरवला की थर एकीकडे जाड होतो.

नोव्हेंबरमध्ये पहिला केक. त्याच्या आदल्या रात्री स्पंज भाजून गार करून गुंडाळून ठेवा. ताज्या स्पंजचा चुरा क्रीमभर होतो. पहिला पातळ थर चुरा धरून ठेवण्यासाठी, मग अर्धा तास फ्रिज, मग दुसरा थर. नक्षी काढायला आणखी अर्ध्या तासाने. विजेचा भरवसा नसेल तर फ्रीजरमध्ये बर्फाच्या दोन-तीन बाटल्या तयार ठेवा. वीज गेली की त्या फ्रिजमध्ये केकशेजारी सरकवायच्या.

याच महिन्यात अन्नसुरक्षेची नोंदणी केली, कारण ओळखीच्यांनी पैसे देऊन नाताळचे केक सांगितले आणि घरून विकायलाही ती लागते. तेव्हाच्या नियमात वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना मूळ नोंदणी पुरत होती. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर, फॉर्म ए. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती आणि मुदत एक ते पाच वर्षे. पदार्थ निवडताना बेकरी उत्पादने हा गट घ्यायचा. गोव्यात हे काम अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे, बांबोळीला. सात दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची सूचना यायला हवी असा नियम होता, आणि माझे प्रमाणपत्र त्या मुदतीत आले. कागदपत्रांवरचा पत्ता आणि केक जिथे करता तो पत्ता एकच आहे ना, एवढे आधी पाहा. पुढे चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो बिलावर आणि खोक्यावर घालायचा.

डिसेंबरमध्ये हवा जरा कोरडी आणि सकाळी गार असते, म्हणून नक्षी सकाळी सहा ते नऊ या वेळात उरकावी. नाताळच्या आठवड्यात केकचे खोके दुकानांतून संपतात, ते महिनाभर आधी घेऊन ठेवा: केकपेक्षा दोन इंच मोठे. फोंड्याहून मडगावला केक न्यायचा तर तो गाडीच्या सीटवर ठेवू नका. सीट मागे कललेली असते, केक एका बाजूला सरकतो. मागच्या सीटसमोरच्या जमिनीवर, खाली रबरी जाळीची चटई घालून ठेवा आणि निघण्यापूर्वी दहा मिनिटे एसी चालू करून गाडी आतून गार करून घ्या.